विश्लेषण : सिरोंच्याचा पाळक कोण ठरवतो? बिशप थोबर्न आणि मेथडिस्ट चर्चच्या कारभाराची गोष्ट

विदर्भात सरकारी नोकरी करणाऱ्या माणसाला सिरोंच्याची बदली म्हटले की पोटात गोळा येतो. गडचिरोली जिल्ह्याचे हे दक्षिण टोक. पलीकडे तेलंगण, जवळच प्राणहिता आणि गोदावरीचा संगम, बोलण्यात मराठीइतकीच तेलुगू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे हा सगळा भाग मध्य प्रांतातल्या चांदा जिल्ह्यात होता तेव्हा, येथे अमेरिकन मेथडिस्ट मिशनचे केंद्र सुरू झाले.

या केंद्रावर येणारा पाळक गावातल्या मंडळीने निवडलेला नसे. त्याची बदली होत असे. वर्षातून एकदा परिषद भरे, शेवटच्या दिवशी बिशप उभे राहून नेमणुकांची यादी वाचत आणि ज्याच्या नावापुढे सिरोंचा येईल त्याने सामान बांधायचे. मेथडिस्ट चर्च आणि इतर अनेक प्रोटेस्टंट चर्च यांच्यातला मोठा फरक हाच. पाळक पाठवला जातो, बोलावला जात नाही.

मग पाठवणाऱ्या बिशपला कोण निवडते? या प्रश्नाचे उत्तर कित्येक दशके एकच होते : अमेरिकेतल्या एखाद्या शहरात चार वर्षांनी भरणारी सभा. ते उत्तर बदलण्याच्या प्रवासात सर्वांत मोठा वाटा असलेला माणूस म्हणजे जेम्स मिल्स थोबर्न. सिरोंच्याचे केंद्र उभे राहिले तेव्हा भारतातल्या मेथडिस्टांचे बिशप तेच होते.

ओहायोचा तरुण, नैनितालचा पाळक

थोबर्न यांचा जन्म ७ मार्च १८३६ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यात सेंट क्लेअर्सव्हिलजवळ झाला. आईवडील आयर्लंडमधून आलेले, शेतकरी, मेथडिस्ट. घरात दहा मुले. पेनसिल्व्हेनियातल्या मीडव्हिल येथील ॲलेगेनी कॉलेजातून ते १८५७ मध्ये पदवीधर झाले. त्याच वर्षी उत्तर भारतात उठाव पेटला होता आणि बरेलीत नुकतेच पोहोचलेले पहिले अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी विल्यम बटलर जीव वाचवून नैनितालला पळाले होते.

थोबर्न १८५९ मध्ये कलकत्त्याच्या बंदरात उतरले. वय २३. पहिली नेमणूक नैनितालला. तेथेच लग्न झाले आणि वर्षभरात, १८६२ मध्ये, पत्नी वारली. मागे तान्हा मुलगा राहिला. काही काळ अमेरिकेत काढून ते परतले आणि गढवालमध्ये पौडीला गेले, मग मुरादाबाद, मग लखनऊ. दर वेळी यादीत नाव वाचले गेले की निघायचे. पुढे ज्यांनी वीस वर्षे इतरांच्या बदल्या केल्या, त्यांनी आधी स्वतः भरपूर बदल्या भोगल्या होत्या.

ही रचना आली कुठून?

मेथडिस्ट रचनेचे मूळ इंग्लंडमध्ये, जॉन वेस्ली (१७०३-१७९१) यांच्याकडे जाते. वेस्ली शेवटपर्यंत चर्च ऑफ इंग्लंडचे धर्मगुरू होते. नवे चर्च काढायचे त्यांच्या मनात नव्हते. त्यांनी बांधली ती एक चळवळ, आणि तिचा पाया पडला उधारीतून. ब्रिस्टलच्या सभागृहावर कर्ज झाले होते. १७४२ मध्ये ठरले की प्रत्येक सदस्याने आठवड्याला एक पेनी द्यायची आणि साधारण १२ जणांमागे एकाने ती गोळा करायची. गोळा करणारा घरोघरी जाऊ लागला, तेव्हा त्याला कोण आजारी आहे, कोण दारू पितो, कोणाचे घरात पटत नाही हेही कळू लागले. वेस्लींनी ही व्यवस्था उचलली. कर्जवसुलीचा गट हाच सदस्यांवर लक्ष ठेवणारा आणि त्यांना सांभाळणारा ‘वर्ग’ झाला. आजच्या बचत गटाशी त्याचे साम्य डोळ्यांत भरते.

वर्ग मिळून एका गावची मंडळी, अनेक मंडळ्या मिळून एक ‘सर्किट’, आणि सर्किटमध्ये फिरणारे प्रचारक. त्यांना एका जागी फार काळ ठेवायचे नाही हा वेस्लींचा नियम. १७४४ पासून ते प्रचारकांची वार्षिक परिषद भरवू लागले आणि कोण कुठे जाणार ते स्वतः ठरवू लागले.

वेस्लींनंतर हा अधिकार कोणाकडे जाणार, यावर दोन देशांनी दोन उत्तरे दिली. इंग्लंडमध्ये तो परिषदेकडेच राहिला. तिथे बिशप नाही, दरवर्षी नवा अध्यक्ष. अमेरिकेत १७८४ च्या नाताळात बाल्टिमोरला प्रचारक जमले. वेस्लींनी फ्रान्सिस ॲस्बरी यांना प्रमुख नेमले होते, पण ॲस्बरींनी अट घातली की प्रचारकांनी मतदान करून निवडले तरच पद घेईन. निवड झाली. काही वर्षांनी ते स्वतःला बिशप म्हणवू लागले, यावर वेस्ली चांगलेच संतापले. पण पद टिकले. वरून नेमणूक आणि खालून निवडणूक, या दोन्हींची अमेरिकन मेथडिस्टांनी अशी सांगड घातली : बिशप निवडून येतो, आणि निवडून आल्यावर बाकी सगळ्यांना नेमतो.

हा अधिकार केवढा मोठा आहे ते लगेच दिसले. १७९२ मध्ये जेम्स ओ’केली या प्रचारकाने मागणी केली की नेमणूक पसंत नसेल तर परिषदेकडे दाद मागता आली पाहिजे. ठराव हरला. ओ’केली चर्च सोडून गेले.

थोबर्न भारतात आले ते या अमेरिकन शाखेतून. मराठी वाचकासाठी तुलना सोपी आहे. अहमदनगर आणि मुंबईत काम करणारे अमेरिकन मराठी मिशन हे काँग्रिगेशनल परंपरेचे होते. तिथे प्रत्येक मंडळी स्वायत्त. पाळक तीच बोलावणार. चांद्याचे स्कॉटिश एपिस्कोपल मिशन अँग्लिकन कुटुंबातले, म्हणजे बिशपांची परंपरा असलेले. कॅथलिकांमध्ये बिशपवर शेवटची मोहोर रोमची. आणि निजामाच्या हद्दीत मेडकला काम करणारे वेस्लियन मिशनही मेथडिस्टच, पण इंग्लंडचे, त्यामुळे बिशप नसलेले. एका गोदावरी खोऱ्याच्या आसपास कारभाराच्या इतक्या तऱ्हा नांदत होत्या.

गंगा ओलांडायची की नाही?

मिशनांनी आपसांत भारत वाटून घेतला होता. अमेरिकन मेथडिस्टांच्या वाट्याला रोहिलखंड आणि अवध, ढोबळमानाने गंगेच्या उत्तरेचा भाग आला होता. १८६४ च्या अखेरीस बिशप एडवर्ड थॉमसन यांनी लखनऊला येऊन भारताची पहिली मिशन परिषद स्थापन केली. हे कागदोपत्री पाऊल महत्त्वाचे होते. परिषद असेल तरच स्थानिक माणसाला तिचे सदस्य होता येते, आणि सदस्य झाला की मत मिळते. भारतीय पाळक आणि अमेरिकन मिशनरी यांचे मत परिषदेत सारखेच मोजले जाई. पैशाचा हिशेब मात्र बराच काळ मिशनऱ्यांच्या समितीकडे राहिला. मताधिकार दिला, तिजोरीची किल्ली नाही, असेच म्हणावे लागेल.

थोबर्न यांना हद्दीची ही आखणी पटत नव्हती. त्यांनी विल्यम टेलर या गाजलेल्या प्रचारकाला भारतात बोलावले. टेलर १८७० मध्ये आले आणि पुढच्या वर्षाअखेर मुंबईत पोहोचले. त्यांच्या सभांना येणारे बहुतेक इंग्रजी बोलणारे : अँग्लो-इंडियन, रेल्वेतले, कचेरीतले. घरोघरी छोटे गट तयार झाले. १८७२ च्या सुरुवातीला या लोकांनी लेखी विनंती केली की आमची मेथडिस्ट मंडळी स्थापन करा.

येथे नियमांचा पेच होता. मुंबई ठरलेल्या हद्दीबाहेर. तिथे मंडळी काढायला टेलर यांना कोणी नेमले नव्हते. टेलर यांनी तोड काढली ती पैशाची. मिशन बोर्डाकडून एक पैसा घ्यायचा नाही, पाळकाचा खर्च मंडळीने उचलायचा. ज्याचे आपण खात नाही त्याची हद्द आपल्याला का लागू, असा हा सरळ हिशेब.

टेलर यांच्याबरोबर आलेल्यांत जॉर्ज बोवेन होते. हे नाव मुंबईला चांगले परिचयाचे. १८४८ मध्ये आलेले बोवेन मराठी शिकलेले, पगार नाकारून गरीब वस्तीत राहणारे, ‘बॉम्बे गार्डियन’चे संपादक. अमेरिकन बोर्डाचे, म्हणजे काँग्रिगेशनल वळणाचे हे गृहस्थ पन्नाशीनंतर मेथडिस्ट झाले. १८८८ मध्ये मुंबईतच वारले.

अमेरिकेतल्या कार्यालयासाठी हा सगळा प्रकार डोकेदुखीचा होता. पण मेथडिस्ट यंत्रणेचे एक वैशिष्ट्य असे की ती बंडखोराला बाहेर काढण्याआधी त्याला चौकटीत बसवता येते का ते पाहते. १८७६ मध्ये साऊथ इंडिया कॉन्फरन्स स्थापन झाली आणि मुंबई, मद्रास, कलकत्ता येथल्या या हद्दीबाहेरच्या मंडळ्या अधिकृत झाल्या. थोबर्न त्याआधीच, १८७४ मध्ये, लखनऊ सोडून कलकत्त्याला गेले होते. तिथे त्यांचा खर्च मंडळी उचलू लागली. धर्मतल्ला रस्त्यावर मोठे चर्च उभे राहिले. ते आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते.

एकदा गंगा ओलांडल्यावर थांबायला जागाच उरली नाही. १८७९ मध्ये रंगून. १८८५ मध्ये सिंगापूर, आणि तिथे नेमणूक झाली विल्यम ओल्डम यांची. ओल्डम बंगळूरला जन्मलेले, सरकारी सर्वेक्षण खात्यात नोकरी केलेले आणि पुण्यात मेथडिस्ट झालेले. चार्ल्स वॉर्ड हे टेलर यांच्या स्वावलंबी योजनेतून आलेले दुसरे नाव. गोदावरीकाठच्या तेलुगू भागातले काम त्यांनी उभे केले आणि सिरोंचा, बस्तरमधले जगदलपूर ही केंद्रे त्याच फळीतली. टेलर मुंबईत हद्दीच्या आत राहिले असते, तर सिरोंच्यापर्यंत हे चर्च पोहोचलेच असते असे सांगता येत नाही.

बहिणीला लिहिलेले पत्र

गढवालमध्ये असताना थोबर्न यांना गिधाडाचे गळून पडलेले पीस सापडले. त्याची लेखणी करून त्यांनी धाकटी बहीण इझाबेला हिला पत्र लिहिले : मुलींच्या शिक्षणासाठी भारतात ये. इझाबेला तयार झाली, पण अविवाहित स्त्रीला असे स्वतंत्रपणे पाठवायची सोय चर्चच्या मिशन संस्थेत नव्हती. तेव्हा १८६९ मध्ये बोस्टनमध्ये मेथडिस्ट बायकांनी स्वतःची परदेशी मिशन संस्था काढली. पैसा त्यांनी जमवायचा, खर्च त्यांनी ठरवायचा. डॉक्टर क्लारा स्वेन आणि इझाबेला थोबर्न या तिच्या पहिल्या दोन प्रतिनिधी १८७० मध्ये भारतात पोहोचल्या. लखनऊच्या अमिनाबाद बाजारात सहा मुलींची शाळा सुरू झाली. तिचेच पुढे इझाबेला थोबर्न कॉलेज झाले.

सुरुवातीला भावाने बहिणीला आपली पत्रे उतरवून काढायच्या कामाला लावले होते. आपल्यालाही आपले काम आहे हे तिने लवकरच जाणवून दिले. थोबर्न यांनी ते पुढे मोकळेपणाने लिहून ठेवले.

चर्चच्या कारभारात मात्र बायकांना जागा नव्हती. सर्वोच्च सभेत, म्हणजे जनरल कॉन्फरन्समध्ये, पाळक नसलेले सामान्य सदस्य प्रथम १८७२ मध्ये बसले, तेही पुरुषच. १८८८ च्या मे महिन्यात न्यू यॉर्कला भरलेल्या जनरल कॉन्फरन्ससाठी फ्रान्सिस विलर्ड यांच्यासह पाच स्त्रिया निवडून आल्या होत्या. त्यांना बसू दिले नाही. त्याच सभेने जेम्स थोबर्न यांना बिशप केले.

बिशप, पण मर्यादित

तोवर भारतात बिशप राहत नसत. अमेरिकेतून एखादा बिशप बोटीने येई, परिषद भरवी, दीक्षा देई, नेमणुकांची यादी वाची आणि परत जाई. ज्या पाळकाला तो सिरोंच्यासारख्या जागी पाठवणार, त्याला तो जेमतेम आठवडाभर ओळखत असे. नावे सुचवत ते स्थानिक ‘प्रिसायडिंग एल्डर’. आज यांनाच डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडंट म्हणतात. खरी सूत्रे बऱ्याचदा त्यांच्या हाती असत. भारतीयांपैकी झहूर-उल-हक हे १८८० च्या दशकात या पदावर पोहोचले होते.

भारतात राहणारा बिशप हवा ही मागणी जुनी. तिच्यावर अमेरिकेतल्या चर्चचा तोडगा म्हणजे ‘मिशनरी बिशप’. हे पद मुळात लायबेरियासाठी १८५० च्या दशकात तयार झाले. असा बिशप आपल्या प्रदेशात पूर्ण बिशप, पण त्या प्रदेशाबाहेर त्याला अधिकार नाही. अमेरिकेत तो परिषद चालवू शकत नाही. टेलर १८८४ मध्ये आफ्रिकेसाठी असे बिशप झाले, थोबर्न १८८८ मध्ये भारत आणि मलेशियासाठी. हे पद दुय्यम नाही का, असा वाद बरीच वर्षे चालला. थोबर्न यांचा कल मात्र स्पष्ट होता. लोकांत राहणारा मर्यादित अधिकाराचा बिशप त्यांना जहाजाने येणाऱ्या पूर्ण अधिकाराच्या बिशपपेक्षा उपयोगी वाटत होता.

त्यांच्या काळात कारभाराची साखळी अशी होती. मंडळीचा किंवा सर्किटचा कारभार तीन महिन्यांनी भरणाऱ्या सभेत पाहिला जाई. हिशेब, शाळा, नवे प्रचारक यांचा निर्णय तिथे. त्यावर जिल्हा, आणि हा जिल्हा सरकारी नव्हे, चर्चचा. त्यावर वार्षिक परिषद. तिथे दरवर्षी प्रत्येक पाळकाचे नाव पुकारले जाई आणि त्याच्या वर्तनाबद्दल काही तक्रार आहे का ते विचारले जाई. तक्रार नसेल तर नाव पुढे. मग यादी. चर्चची इमारत आणि जमीन स्थानिक विश्वस्तांच्या हाती असली, तरी ती संपूर्ण चर्चच्या वतीने. मंडळी रागावून वेगळी झाली तर इमारत बरोबर नेता येत नाही. साखळी टिकवून धरणारा सर्वांत मजबूत दुवा बहुधा हाच आहे.

या साखळीत थोबर्न यांनी जपलेली एक कडी मात्र नवी होती. भारतातल्या सगळ्या परिषदांनी एकत्र बसावे म्हणून १८८१ मध्ये अलाहाबादला प्रतिनिधींची सभा झाली. १८८४ मध्ये जनरल कॉन्फरन्सने ‘सेंट्रल कॉन्फरन्स’ला मान्यता दिली आणि १८८५ च्या जानेवारीत बरेलीला ती पहिल्यांदा भरली. प्रकाशन, शिक्षण, सीमारेषा असे विषय तिच्याकडे आले. बिशपची निवड आली नाही. पण भारतातल्या मेथडिस्टांचे स्वतःचे एक सभागृह तयार झाले, आणि सभागृह एकदा तयार झाले की ते अधिकार मागू लागते.

लाहोरपासून सिंगापूरपर्यंत फिरण्यात थोबर्न यांची वीस वर्षे गेली. १८९९ मध्ये ते मनिलालाही जाऊन आले. १९०१ च्या सप्टेंबरमध्ये इझाबेला लखनऊला पटकीने गेली. दोन वर्षांनी त्यांनी तिचे चरित्र लिहिले. १९०४ मध्ये सिंगापूरचे जुने सहकारी ओल्डम बिशप झाले. १९०८ मध्ये थोबर्न निवृत्त झाले आणि २८ नोव्हेंबर १९२२ रोजी कॉलेजच्या गावी, मीडव्हिलला, त्यांचे निधन झाले. तोपर्यंत एकही भारतीय मेथडिस्ट बिशप झालेला नव्हता. अँग्लिकनांनी व्ही. एस. अझरया यांना १९१२ मध्येच दोर्नाकलचे बिशप केले होते. स्वयंशासनाची एवढी यंत्रणा असलेले चर्च या बाबतीत मागे राहिले ते राहिलेच.

निवडणूक कानपूरला येते

थोबर्न यांच्या पश्चात मिशनरी बिशप हे पद मागे पडले आणि भारतासाठीही पूर्ण अधिकाराचे बिशप निवडले जाऊ लागले, पण अमेरिकेतच. १९२८ च्या जनरल कॉन्फरन्सने भारतात काम करणारे स्टॅन्ली जोन्स यांना निवडले. त्यांनी पद घेण्याआधीच राजीनामा दिला. त्याच सभेत अधिक मोठा निर्णय झाला. सेंट्रल कॉन्फरन्सना आपले बिशप स्वतः निवडायचा अधिकार मिळाला.

बरेलीत सुरू झालेले ते सभागृह १९३० च्या अखेरीस कानपूरला भरले. मिठाच्या सत्याग्रहाचे ते वर्ष. निवडून आले जसवंतराव चितंबर. अलाहाबादला जन्मलेले, लखनऊ ख्रिश्चन कॉलेजचे पहिले भारतीय प्राचार्य, १९१० च्या एडिनबरो मिशनरी परिषदेला गेलेल्या मोजक्या भारतीयांपैकी एक. १९३३ मध्ये त्यांनी महात्मा गांधींचे इंग्रजी चरित्र लिहिले. १९४० मध्ये त्यांचे निधन झाले.

पुढचा मोठा निर्णय विदर्भाशी जोडलेला आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला अनेक प्रोटेस्टंट चर्चनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केले. अँग्लिकन त्यात गेले. ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्टही गेले. मेडकचे तर १९४७ मध्येच चर्च ऑफ साऊथ इंडियात सामील झाले होते. अमेरिकन परंपरेच्या मेथडिस्टांनी वाटाघाटीत अनेक वर्षे भाग घेतला, पण काही महिने आधी त्यांच्या सेंट्रल कॉन्फरन्सने विरोधात मत दिले आणि ते बाहेर राहिले. चंद्रपूरच्या जुन्या स्कॉटिश मिशनची परंपरा आणि सिरोंच्याच्या मेथडिस्ट मिशनची परंपरा अशी दोन वेगवेगळ्या चर्चमध्ये विभागलेली राहिली.

७ जानेवारी १९८१ रोजी मेथडिस्ट चर्च इन इंडिया स्वायत्त झाले. तेव्हापासून त्याची जनरल कॉन्फरन्स भारतातच भरते, पाळक आणि सामान्य सदस्य तिच्यात एकत्र बसतात आणि बिशप तीच निवडते. पाळकांच्या नेमणुका करण्याचा अधिकार मात्र बिशपकडेच आहे.